पिछाडीवरचा इसिदोर

इसिदोर मोंगार स्वतःच्या लग्नालाच सगळ्यांत शेवटी पोचला. ही गोष्ट त्याची बायको लेओंतीन आजही सांगते, आणि दर वेळी तिच्या आवाजात जरासा राग असतोच. चर्चच्या पायऱ्यांवर ती पांढऱ्या पोशाखात उभी, पाद्रीबुवा घड्याळ बघतायत, तिची आई हातरुमालानं घाम टिपतेय, पाहुणे सगळे येऊन बसलेले, आणि नवरदेवाचा पत्ता नाही. मुलाकडची सगळी मंडळी शेजारच्या गावाहून सायकलींवरून निघाली होती. वाटेत कुणा लांबच्या मामाचं चाक पंक्चर झालं. बाकीचे पुढे आले. नवरदेव मागे थांबला, बाह्या सरसावून त्यानं पंक्चर काढलं, मामांना पुढे घातलं आणि मग स्वतः आला. हात काळेकुट्ट. त्याच हातांनी त्यानं तिच्या बोटात अंगठी घातली.

"तेव्हाच ओळखायला हवं होतं मी," लेओंतीन म्हणते, "की या माणसाच्या घरात सूप कधी गरम प्यायला मिळणार नाही."

मी इसिदोरला ओळखते ती मात्र पाठमोरी. म्हणजे मी पाठमोरी, आणि तो माझ्या मागे. आमच्या ब्रेनो गावच्या सायकल मंडळात माझी जागा शेवटून दुसरी, फार तर तिसरी, आणि त्याची कायम शेवटची. उभं आयुष्य मी रंगमंचावर पुढच्या दिव्यांच्या उजेडात उभं राहायला मिळावं म्हणून भांडले, आणि म्हातारपणी वाट्याला आली ती ही जागा. पण इतकी निर्धास्त जागा मला कुठल्याच नाटकात मिळाली नव्हती. मागून त्याच्या मडगार्डची किरकिर ऐकू येत राहायची. चढ लागला आणि माझे पाय शिशासारखे झाले, की कमरेच्या वर, पाठीच्या कण्याशी, एक रुंद तळवा येऊन टेकायचा. बोलणं काही नाही. जन्मभर छपरांवर कौलं चढवून खरबरीत झालेला तो तळवा चढ संपेपर्यंत तिथे असायचा, आणि मग नसायचा. आभार मानायला मान वळवावी तर हा झाडांकडे बघतोय.

मंडळात या कामाला आम्ही पिछाडी म्हणतो. दर रविवारी सकाळी फेरी निघते. कधी कालव्याच्या काठानं, कधी जंगलातल्या जुन्या मठापर्यंत, कधी खंदक असलेल्या त्या शातोला, म्हणजे जुन्या गढीला, वळसा घालून. पुढचे पुढे पळतात, मधले मध्ये गप्पा मारतात, आणि पिछाडीचा माणूस सगळ्यांच्या मागे राहतो. त्यानं कुणालाही ओलांडून पुढे जायचं नाही. कुणाची साखळी उतरली, कुणाचा दम संपला, कुणाला झुडपाआड जायचं असलं, तर पिछाडी थांबते. म्हणून नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला जातो. चुकलात, मागे पडलात, तर हलायचं नाही. जिथे आहात तिथेच बसायचं. पिछाडी येईल.

दुसरा नियम कुणी सांगत नाही, तो बघून कळतो. फेरी संपते पास्कालीनच्या कॅफेत. तिनं पांढऱ्या वाइनचे पेले आधीच भरून ठेवलेले असतात, फेरीला आलेल्या प्रत्येकाचा एक. शेजारी परातीत गुजेर, म्हणजे चीज घालून भाजलेले गरम फुगे. वासानं जीव जातो. पण कुणीही हात लावायचा नाही. पिछाडीचा माणूस येतो, सायकल भिंतीला टेकवतो, उंबऱ्यात उभा राहून एकदा मागे रस्त्याकडे बघतो आणि आत पाऊल टाकून म्हणतो, "दार लावा!" सगळे ओरडतात, "लावलं!" आणि मग पेले उचलले जातात.

हे शब्द इसिदोरनंच मंडळात आणले. त्याचा जन्म कालव्याच्या दरवाजावरचा. कालवा जिथे टेकडी चढतो तिथे पाण्यात एकापुढे एक अशी दोन अजस्र दारं असतात. नाव मधल्या हौदात येते, मागचं दार लागतं, पाणी भरतं, नाव वर उचलली जाते, पुढचं दार उघडतं. अशा एका दरवाजावर त्याची आई कामाला होती आणि तिथल्याच दोन खोल्यांच्या घरात तिचा संसार होता. संध्याकाळी चुलीवर सूप शिजत असायचं, पोरं भुकेनं रडकुंडीला यायची, पण वरच्या दरवाजातून सुटलेली शेवटची नाव खाली येईपर्यंत आई कुणालाही टेबलाशी बसू द्यायची नाही. नाव कधी गाळात रुतायची, कधी नावाडी वाटेतल्या गुत्त्यात रुतायचा. आई काठावर उभी राहायची, हात कमरेवर ठेवून, वरच्या वळणाकडे बघत. मग केव्हातरी नाव यायची, जायची, आणि आई नवऱ्याला हाक घालायची, "दार लावा!" त्या हाकेनंतर सूप.

इसिदोर त्या घरातून बाहेर पडला, छपरं शाकारायला शिकला, लग्न केलं, मुलं मोठी झाली, लिऑं शहरात निघून गेली. खांदा दुखायला लागला तेव्हा छपरं सुटली. राहिला तो रविवार. बाकीचे सहा दिवस तो अंगणात टोमॅटोंकडे बघत असायचा, आणि रविवारी सकाळी मात्र त्याची पाठ सरळ व्हायची.

त्या वर्षी वसंतात मला पहिल्यांदा जाणवलं की मडगार्डची किरकिर लांबून येतेय. कधी कधी येतच नाही. चढावर तळवा टेकायचा, पण मध्येच निघून जायचा. लेओंतीननं त्याला ओढून डॉक्टरकडे नेलं. हृदय थकलंय, सायकल चालवा पण हळू, असं डॉक्टर म्हणाले.

"मी हळूच चालवतो," इसिदोर म्हणाला. "माझ्यापेक्षा हळू या तालुक्यात कुणीच चालवत नाही."

मंडळाचा अध्यक्ष गाएतां. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, मनानं चांगला. त्यानं एकदा आडून सुचवून पाहिलं. "इसिदोर, बरीच वर्षं झाली रे. पिछाडी आता कुणा तरण्याकडे देऊ या का?"

"मी मेल्यावर द्या."

"असं काय बोलतोस?"

"आणि मेलो तरी काळजी करू नका. तुम्ही सगळे आधी कबरस्तानात पोचा, मी मागून येतो."

सगळे हसले. मी हसले नाही. नटाच्या आवाजात भीती कुठे लपते ते मला ऐकू येतं, आणि ती तिथे होती. रविवारची ती शेवटची जागा काढून घेतली, तर या माणसाला बसायला दुसरी जागाच नव्हती.

मग जूनमधला तो रविवार आला. सकाळपासूनच ऊन तापलं होतं. मठाच्या जंगलातला चढ संपता संपता मलाच दोनदा उतरावं लागलं. खाली कालव्याच्या काठी आलो तेव्हा पॉपलरच्या झाडांच्या सावल्याही गरम वाटत होत्या. माझ्याबरोबर ओदेत होती. गावातल्या औषधाच्या दुकानात तिनं जन्म काढला, आणि माझ्यापेक्षा हळू चालवणारी मंडळात ती एकटीच. जुनं धोबीघर लागलं. पूर्वी गावच्या बायका तिथे हौदाकाठी गुडघे टेकून कपडे धुवायच्या, आता नुसतं छप्पर आणि पाणी. तिथे ती म्हणाली, "तू हो पुढे. मी जरा मागच्या बाजूला जाऊन येते. इसिदोर आहेच मागे."

मी पुढे झाले. इसिदोर मागे होताच. तो असायचाच.

कॅफेत आम्ही सगळे घामानं निथळत पेल्यांकडे बघत बसलो होतो. बराच वेळ गेला. गुजेर निवत चालले. मग भिंतीला सायकल घासल्याचा आवाज आला. टेकवायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. इसिदोर उंबऱ्यात आला. चेहरा राखेसारखा. मागे वळून बघायचं असतं, तसा तो वळला, पण डोळे मिटलेले होते हे मी पाहिलं आणि मला वाटलं, घाम गेला असेल डोळ्यांत. तो आत आला.

"दार लावा!"

"लावलं!"

पेले उचलले गेले. गाएतां दोन गुजेर एकदम तोंडात कोंबत म्हणाला, "इसिदोर, आज तुझ्याआधी एक गोगलगाय येऊन गेली बरं का."

"मग कुठाय ती?"

"लसूण-लोण्यात परतून खाल्ली!"

हशा झाला. इसिदोरही जरासा हसला. तो खुर्चीत बसला नव्हता, सांडला होता. त्यानं एका दमात पेला संपवला. पास्कालीन रिकामे पेले गोळा करायला ट्रे घेऊन आली आणि टेबलाच्या टोकाला थांबली. तिथे एक पेला काठोकाठ भरलेला होता.

"हा कुणाचा राहिलाय?"

"गाएतांला द्या. त्याला दोन लागतात."

"माझे दोन झाले," गाएतां म्हणाला.

"मग तिसरा!"

पुन्हा हशा. रंगमंचावर एखादा नट वाक्य विसरतो तेव्हा प्रेक्षकांना ते लगेच कळत नाही, पण बरोबरच्या नटांना त्याच क्षणी कळतं. मी इसिदोरकडे पाहिलं. तो त्या पेल्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत "दार लावा" म्हटल्यावर कुणी कधी माणसं मोजली नव्हती. मोजायची गरजच नव्हती.

"ओदेत," तो म्हणाला.

हसणं टेबलावरून एकेक करून खाली पडलं.

"फोन लावा तिला," कुणीतरी म्हणालं. पण ओदेतचा फोन तिच्या स्वयंपाकघराच्या खणात राहतो, हे गावाला माहीत आहे. गाएतां किल्ल्या शोधत उठला. "मी गाडी काढतो."

"काठाच्या वाटेनं गाडी जात नाही," इसिदोर म्हणाला. तो उभा राहिला होता, हात टेबलावर टेकून.

"मग दुसरं कुणीतरी जाऊ दे. तू बघ, तुझा रंग बघ कसा झालाय."

"आज पिछाडी कोण आहे?"

गाएतां किल्ल्या चाचपत राहिला.

"मी विचारतोय, आज पिछाडी कोण आहे?"

"तू," गाएतां म्हणाला, खाली बघत.

तो गेला. त्याच्या मागे मी गेले. दुसरं कुणी गेलं असतं तर त्यानं परत पाठवलं असतं. मला मात्र तो परत पाठवू शकत नव्हता, कारण मला सायकल वळवायला फार जागा लागते आणि ती वाट अरुंद आहे.

इतक्या वर्षांत मी त्याची पाठ त्या दिवशी प्रथम पाहिली. कौलांचे भारे वाहून एक खांदा खाली उतरलेला. मंडळाची निळी जर्सी अंगावर नुसती लोंबत होती. तो उभा राहून पेडल मारत नव्हता, बसूनही नीट मारत नव्हता. एकेक पाय जणू विहिरीतून वर काढत होता. माझा हात पुढे जाऊ पाहत होता, त्याच्या पाठीला टेकायला. पण मी तो हँडलवरच ठेवला. ते काम त्याचं होतं, आणि ते मी त्याच्याकडून त्या क्षणी घेणं बरं दिसलं नसतं.

दगडी पुलापाशी तो उतरला. कठड्याला धरून उभा राहिला. खाली कालव्याचं पाणी हिरवं, जराही न हलणारं.

"नटीबाई," तो म्हणाला. मला तो असंच हाक मारतो. "मठाचा चढ संपल्यापासून मी फक्त माझं पुढचं चाक बघत होतो. ते फिरतंय ना, एवढंच. काठावर काय होतं, मला आठवत नाही. एक झाड आठवत नाही."

"दमला होतास तू."

"दमलेली माणसं पुढे असतात, म्हणून तर मागे कुणीतरी ठेवतात." तो श्वास घ्यायला थांबला. "दारातसुद्धा मी मागे बघितलं नाही. बघायचं नाटक केलं. तुझ्यासारखं."

"माझं नाटक बरं असायचं," मी म्हणाले. तो हसला नाही.

ऊन तिरकं झालं होतं तेव्हा धोबीघर दिसलं. ओदेत हौदाच्या दगडी काठावर बसली होती. बूट काढलेले, मोजे त्यांच्यावर नीट वाळत घातलेले. तिची पाठ आमच्याकडे होती. ती मठाच्या बाजूला, जिथून आम्ही आधी आलो होतो त्या वळणाकडे बघत होती. पिछाडी तिथूनच येणार होती ना.

"ओदेत!" मी हाक मारली.

ती वळली आणि चक्रावली. "अगं, तू उलटी कशी आलीस? चुकलीस का? बस, बस इथे. इसिदोर येईलच आता." मग तिला माझ्या पुढे उभा असलेला इसिदोर दिसला. "अरे! तू पुढे कसा?"

त्यानं टोपी काढली. "मी तुला मागे टाकलं, ओदेत. तू इथे होतीस आणि मी पुढे निघून गेलो. दार लावलं. सगळे प्यायले."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा एकदा त्या रिकाम्या वळणाकडे तिनं पाहिलं.

"म्हणजे एवढा वेळ मी कुणाची वाट बघत होते?" ती म्हणाली.

रागानं नाही. खरंच विचारल्यासारखी. मग मोजे चढवता चढवता ती सहज बोलून गेली, "तू येणार नाहीस असं एकदासुद्धा मनात आलं नाही रे. नाहीतर मी आपली निघाले असते."

तिनं त्याच्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. हे वाक्य त्याला जिथे लागायचं तिथे लागलं, ते मला दिसलं. ओदेतला दिसलं नाही, ती बुटाच्या नाडीशी झटत होती.

"गुजेर उरलेत का?"

"नाही," मी म्हणाले.

"एकपण नाही? गाएतां मेला!"

परत येताना त्यानं आम्हा दोघींना पुढे घातलं. मागे मडगार्ड किरकिरत होतं. गावात पोचलो तेव्हा संध्याकाळ उतरली होती. कॅफेत सगळे ताटकळत बसले होते. पास्कालीननं ओदेतसाठी सूप गरम केलं होतं. इसिदोर उंबऱ्यापर्यंत आला, आत गेलेल्या ओदेतला त्यानं पाहिलं, आणि काहीही न म्हणता सायकल ढकलत घरी गेला. शेवटी पास्कालीनलाच दार लोटावं लागलं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चेरींचा हंगाम संपता संपता लेओंतीन माझ्या दारात उभी. हातात चेरींचं भांडं, डोळे लाल.

"तू येऊन काहीतरी बोल त्याला. रविवार आला की शिडी लावून छपराच्या पन्हळी साफ करत बसतो. पानगळ नाही, पाऊस नाही, काय आहे त्या पन्हळीत? सायकलवर होता तेव्हा निदान जमिनीवर तरी असायचा!"

मी गेले. तो खरंच शिडीवर होता.

"खाली ये. मला वर बघून बोलायची सवय नाही. मी नेहमी वरून खाली बोललेय, प्रेक्षकांशी."

तो आला. शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. तेवढ्यानंही त्याला धाप लागली.

"पिछाडी नको असेल तर नको," मी म्हणाले. "मध्ये कुठेतरी चाल."

"मध्ये?"

"हो."

"मध्ये काय असतं?" त्यानं विचारलं. चेष्टा नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"मध्ये बाकीचे सगळे असतात, इसिदोर."

त्यानं मान हलवली, म्हणजे नाही म्हणाला, आणि पुन्हा वर चढला.

त्या उन्हाळ्यात पिछाडीला पाळीपाळीनं पाच-सहाजणांनी राहून पाहिलं. सगळे दणकट. पण त्यांना मागे राहणं जमेना. कुणाला सारखे ब्रेक लावून हात दुखायचे. कुणी मागून "चला, चला, हलवा पाय" करायचा, जणू आम्ही गाईगुरं. एकानं तर कंटाळून चढावर आम्हाला ओलांडलं आणि माथ्यावर जाऊन वाट बघत शिट्टी वाजवत बसला. कॅफेत "दार लावा" म्हणताना सगळ्यांचे आवाज पडेल यायचे, आणि आम्ही आता पेले उचलण्याआधी एकमेकांची तोंडं बघायला लागलो होतो. त्या तोंडं बघण्यानं वाइन आंबट व्हायची.

सप्टेंबरात मंडळाची बैठक झाली. गाएतांनं विचारलं, पिछाडीचं काय करायचं? आणि ओदेत म्हणाली, "मी राहते."

आधी कुणाला कळलंच नाही. मग हसू फुटलं.

"ओदेत, तू तर तशीही शेवटीच असतेस!"

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला मागे राहायचं तर ब्रेक लावावे लागतात. मला नाही लागत. माझ्या हातून कुणी मागे सुटेल असं वाटतं का तुम्हाला? माझ्या मागे पडायला माणसाला झोपावं लागेल."

"आणि कुणाचं चाक पंक्चर झालं तर?"

"तर तो स्वतः काढील, मी शेजारी बसेन." मग ती जरा थांबली. "आणि वाट बघणं म्हणजे काय ते या खोलीत माझ्याइतकं कुणाला माहीत नाही."

त्यावर कुणी हसलं नाही. गाएतांनं हात वर करायला सांगितले आणि सगळे हात वर झाले.

वर्षातली शेवटची फेरी ऑक्टोबरात असते. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुरुस्तीसाठी कालव्याचं पाणी सोडून देतात आणि तळाचा चिखल उघडा पडतो. ही फेरी दर वर्षी वरच्या दरवाजांवरून, म्हणजे इसिदोरच्या जन्मघरावरून जाते. त्या सकाळी धुकं होतं. लेओंतीननं आदल्या दिवशीच शिडी शेजाऱ्याच्या कोठारात नेऊन लपवली होती. इसिदोर आला. कुणी काही बोललं नाही, बोलायचं नाही असं आमचं ठरलं होतं. तो मंडळींच्या बरोबर मध्ये उभा राहिला, परक्या वर्गात बसवलेल्या मुलासारखा.

मध्ये तो फार वेळ टिकला नाही. मधले लोक किती जोरात चालवतात ते त्याला कधी कळलंच नव्हतं. हळूहळू एकेक जण त्याला ओलांडून गेला आणि तो माझ्या शेजारी आला. मग माझ्याही मागे गेला. मागे ओदेत होती. मी ऐकत होते. किरकिर थांबली, म्हणून मी पाय टेकून वळून पाहिलं.

इसिदोर वाकून बुटाची नाडी बांधत होता. ओदेत त्याच्या मागे थांबली होती.

"तू हो पुढे," तो म्हणाला.

"नाही होत."

"मला वेळ लागेल."

"लागू दे."

तो निघाला. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबला, टायर दाबून पाहू लागला. ओदेत उतरली, सायकल झाडाला लावली, खिशातून पाव आणि चीज काढलं आणि गवतात बसली.

"ओदेत, पुढे हो म्हणतोय ना."

"मी पुढे कशी होऊ? मी पिछाडी आहे."

"मला माझ्या मागे कुणी हाकायला नको!"

"मी कुठे हाकतेय? मी खातेय."

त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा सायकल वळवून घरी जाणार, आणि मग पुन्हा कधीच येणार नाही. तो तसाच उभा राहिला, एक हात सायकलच्या सीटवर. ओदेतनं चीजचा तुकडा सुरीच्या टोकावर धरून त्याच्यापुढे केला. त्यानं घेतला नाही. पण तो सायकलवर बसला, आणि गावाच्या दिशेनं नाही, वरच्या दिशेनं.

तो त्याच्या आईच्या दरवाजापाशीच थांबला. या वेळी खरंच. ओठ निळसर झाले होते. घर आता बंद असतं, दरवाजे विजेवर चालतात, खिडकीच्या फळ्यांचा रंग उडालाय. तो दाराच्या जाड लाकडी दांड्यावर बसला, जो त्याचे वडील पाठ लावून ढकलायचे. मी आणि ओदेत पायरीवर बसलो. पुढची मंडळी केव्हाच वळणापलीकडे गेली होती. धुकं अजून पाण्यावर होतं आणि कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"आई इथे उभी राहायची," तो म्हणाला. "आम्हाला सारखी आईच दिसायची. आणि सूप दिसायचं." त्याला श्वास पुरत नव्हता, तो तुकड्यातुकड्यानं बोलत होता. "त्या शेवटच्या नावेत कोण असायचं, ते कधी मनातच आलं नाही. दिवसभर राबून दमलेला कुणीतरी असणार. अंधार पडत आलेला. आणि वळण घेतल्यावर त्याला दिसत असणार, की ती बाई अजून उभी आहे."

ओदेतनं चीजचा तो तुकडा कागदात तसाच ठेवला होता, तो पुन्हा पुढे केला. त्यानं घेतला आणि सावकाश चावत राहिला.

उरलेली वाट आम्ही कशी संपवली ते विचारू नका. कितीदा थांबलो, कितीदा बसलो. त्यानं एकदाही नाडी बांधली नाही. दम संपला की सरळ म्हणायचा, "थांबतो," आणि मागून ओदेत म्हणायची, "थांब." एका चढावर तिनं त्याच्या पाठीला हात लावून पाहिला, दोघंही कोलमडता कोलमडता वाचली, आणि मी इतकी हसले की मला उतरावं लागलं. इसिदोर पण हसला. घशातून शिट्टीसारखा आवाज आला, पण हसला.

गावात शिरलो तेव्हा कॅफेच्या काचेवर वाफ जमली होती. आत पेले भरलेले, परात झाकलेली, आणि सगळे हात मांडीवर. गाएतांची नजर परातीवरून हलत नव्हती. मी आत जाऊन माझ्या जागी बसले.

इसिदोरनं सायकल भिंतीला टेकवली. उंबऱ्यात आला, आणि थांबला. जन्माची सवय. तो मागे वळला आणि रस्त्याकडे बघू लागला. या वेळी डोळे उघडे होते. समोर ओदेत उभी होती, हातात हेल्मेट, केस कपाळाला चिकटलेले, दमून पार पिळून निघालेली. तो तिच्याकडे बघत राहिला, तिच्या पलीकडे रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला. दोन्ही हात चौकटीला, आत येईना की बाहेर जाईना. थंड वारा आत येत होता.

"अरे, आत हो ना बाबा," ओदेत म्हणाली. "तूच दारात उभा राहिलास, तर मी लावू कसं?"

तो आत आला.